बरा झालेला माणूस पडद्यावरून कुठे जातो

डॉक्टरबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. तळहातावर कापसाचं टोक टेकवीन, जिथे कळेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं, असं त्या म्हणाल्या. मी डोळे मिटून बसले आणि त्या कधी सुरू करतात याची वाट पाहू लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडायला सांगितले. त्यांचं तपासून झालं होतं.

"पारबताबाई, हा कुष्ठरोग आहे," त्या म्हणाल्या. "औषध आहे, बरा होतो. पण तुम्ही उशिरा आलात."

माझा नवरा किसन भिंतीला टेकून उभा होता. हे ऐकल्याबरोबर तो खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. माझा पहिला राग तेव्हाचा आहे, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही. हा आजार ज्यांच्या वाट्याला येईल त्यांनी गोड बोलणाऱ्यांचं पुष्कळ ऐकलेलं असेल. मी गोड लिहिणार नाही.

उशीर का झाला ते आधी सांगते. आम्ही पवनीकडचे ढिवर. गावच्या तळ्यात मासे धरायचे आणि शिंगाडे लावायचे, हा आमचा धंदा. शिंगाडे मोठ्या गंजात उकडतात आणि गरम असतानाच सोलतात, तेव्हा साल भराभर निघते. बाकीच्या बायका बोटं फुंकत, पाण्यात बुडवत सोलायच्या. मी वाफाळत्या ढिगात सरळ हात घालायचे. सासूबाई येईल त्याला सांगायच्या की आमच्या सुनेसारखा शिंगाडा तळ्यावर कोणी सोलत नाही. करंगळीला फोड यायचे, पण दुखायचे नाहीत. दुखत नाहीत म्हणून मी बोलले नाही आणि कोणी विचारलंही नाही. चांगले दोन हंगाम माझं कौतुक चाललं होतं, आणि तेवढ्या काळात माझी अल्नर नर्व्ह, म्हणजे कोपराच्या आतून करंगळीकडे जाणारी शीर, निकामी होत होती.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे चिमटा घेतलेला कळत नसेल, तर दवाखाना गाठा. न दुखणं म्हणजे ताकद नव्हे.

कुष्ठरोग हा शब्द ऐकल्यावर मला काय आठवलं असेल? सिनेमा. लहानपणी, सत्तरच्या पुढच्या एखाद्या वर्षी, माझ्या माहेरी अड्याळला मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत तंबूतली टॉकीज आली होती. त्यांनी येशूचा सिनेमा लावला. आमच्याकडे ख्रिस्ती घर औषधालाही नव्हतं, पण देवाचा सिनेमा म्हटल्यावर बायकांनी चपला तंबूबाहेर काढल्या आणि एका काकूने पडद्यापुढे नारळ फोडला. त्यात एक महारोगी येतो. अंगभर चिंध्या, गळ्यात घंटा, लोक दगड घेऊन पळतात. येशू त्याच्या तोंडावरून हात फिरवतो आणि कातडी एकदम नितळ होते. सगळा तंबू टाळ्या वाजवत होता. मीही हात दुखेपर्यंत वाजवल्या. तेव्हा माझे हात दुखत असत.

मिशनच्या त्या दवाखान्यात मी बरेच महिने काढले. आधी स्किन स्मिअर, म्हणजे कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काढलेला रस काचेवर तपासतात. मग डॅप्सोनची गोळी सुरू झाली. ती रोज घ्यायची. किती वर्षं असं विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. मग रिॲक्शन आली. औषधाने जंतू मरताना अंगच त्यांच्याशी भांडतं आणि शिरा सुजतात, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. ताप, अंगावर लाल गाठी, कोपरात ठणका. मला वाटलं औषधानेच मारलं. पुष्कळ लोक इथेच गोळी सोडतात. सोडू नका. त्या दिवसांत मी डॉक्टरबाईंना शिव्या दिल्या, त्यांनी त्या ऐकून घेतल्या आणि गोळी हातावर ठेवली.

नाताळात दवाखान्याच्या अंगणात दोन कडुनिंबांना चादर बांधून सिनेमा दाखवला. तोच येशू, नट वेगळा. आम्ही सारे पेशंट जमिनीवर बसलो होतो. महारोगी पडद्यावर आला. तोच चिंध्या बांधलेला, तसाच किंचाळणारा. आमच्यातलं कोणी किंचाळत नव्हतं. आम्ही सकाळी पाय भिजवायचो, तेल लावायचो, रांगेत उभं राहून पोळी घ्यायचो. मग हात फिरला आणि माणूस बरा झाला. माझ्या शेजारच्या खाटेवरची लाखांदूरची सखूबाई मोठ्याने म्हणाली, "एवढ्या जल्दी तं आपली पट्टीही सुटत नाई वो."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी त्या बऱ्या झालेल्या माणसाकडे बघत होते. तो रडत रडत उठतो, गर्दीतून पळतो आणि पडद्याच्या कडेने निघून जातो. पुढे तो दिसतच नाही. सिनेमा येशूबरोबर पुढच्या गावी जातो.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी मी डॉक्टरबाईंना विचारलं की त्या माणसाचं पुढे काय झालं. त्या म्हणाल्या, येशूने त्याला आधी देवळातल्या पुजाऱ्याला अंग दाखवून यायला सांगितलं होतं. म्हणजे साक्षात देवाने बरं केलं तरी दुसऱ्या कोणीतरी हो म्हणावं लागलं. मी विचारलं, "मंग पुजारी हो म्हणाला का? त्याच्या घरच्यायनं त्याले घरात घेतलं का?"

डॉक्टरबाईंनी पट्टी बांधून पुरी केली. "पुढचं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मला त्या लिहिणाऱ्यांचाही राग आला.

घरी आले तेव्हा गुरांच्या कोठ्यालगत माझ्यासाठी खाट टाकलेली होती. वेगळी जर्मनची थाळी, पाण्याचा वेगळा गडवा. सासूबाई म्हणाल्या, गोळ्या चालू आहेत तोवर. किसन जाळं उचलून तळ्यावर गेला. शिंगाडे सोलायला मी गेले तर बायका सरकून बसल्या. माझ्या हातचा शिंगाडा बाजारात कोण घेईल, असं त्यांचं म्हणणं. धुराने डोळे चुरचुरत, पण मी तिथे कधी रडले नाही. कोठ्यात जाऊन म्हशीला शिव्या घालायचे.

मग मल्टी ड्रग थेरपी आली, म्हणजे एकाऐवजी तीन औषधं एकत्र. तपासणीला येणारे कर्मचारी महिन्यातून एकदा घ्यायचं औषध समोर गिळायला लावत. लघवी लाल झाली, कातडी काळवंडली, पण स्मिअर स्वच्छ आलं. डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितलं, तुम्ही बऱ्या झालात. दोन बोटं वाकलेली राहतील, त्यातून कोणाला काही होणार नाही. मी घरी हे सांगितलं. गोळ्या बंद झाल्या. थाळी कोठ्यातच राहिली. अजून थोडं बघू, असं सासूबाई म्हणाल्या. काय बघणार होत्या कोण जाणे.

त्याच साली गावात मिशनची प्रोजेक्टरची गाडी आली. लोकांची भीती जावी म्हणून रोगावर दोन शब्द बोलणार आणि मग सिनेमा दाखवणार. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सारं गाव जमलं. सिनेमा येशूचाच. माझ्या कपाळी दुसरा सिनेमा लिहिलेलाच नव्हता. घंटा वाजवत महारोगी पडद्यावर आला आणि पटांगणातली डोकी एकेक करून माझ्याकडे वळली. भीती घालवायला आलेल्यांनी माझ्या गळ्यात घंटा बांधून दिली.

येशूने हात फिरवला. कातडी नितळ झाली. आणि माझ्या सासूबाईंनी हात जोडले, डोळ्यांना पदर लावला.

मी उठून सरळ प्रोजेक्टरच्या उजेडात जाऊन उभी राहिले. पडदा माझ्या सावलीने भरला. गाडीवाला ओरडला, पण मी हलले नाही.

"तो बरा झाला तं तुमी हात जोडता," मी सासूबाईंना म्हणाले. "मी बरी झाली तं मायी थाली कोठ्यात काहून?"

सगळं पटांगण ऐकत होतं. सासूबाई चाचरत म्हणाल्या, "अवं, त्याले देवानं हात लावला."

"म्हंजे देवानं बरं केलं तं घरात, अन् गोळीनं केलं तं कोठ्यात?"

किसन मान खाली घालून बसला होता. मी तिथून निघाले. मागे सिनेमा पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

घरी कोणी नव्हतं. मी कोठ्यातून थाळी आणि गडवा उचलला, घरात जाऊन फळीवर बाकीच्या भांड्यांत ठेवला. मग चूल पेटवली, भात टाकला, सुकटीचं कालवण केलं. आता बाहेर काढलं तर जायचं नाही, एवढं मनाशी पक्कं होतं.

सिनेमा सुटल्यावर दोघं आले. सासूबाई उंबरठ्यात थबकल्या. मी त्यांच्याकडे पाठ ठेवून भात वाढत होते. किसन आधी बसला आणि जेवला. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाहीत. दुपारी, भूक आवरेना तेव्हा, स्वतः थाळी घेऊन चुलीपुढे येऊन बसल्या. मी वाढलं. त्या माझ्या वाकलेल्या बोटांकडे न बघता जेवल्या, आणि मी त्यांना पुरतं जेवू दिलं.

आभार मानायची रीत आहे म्हणून डॉक्टरबाईंचे आणि गोळ्यांचे मानते. बाकी कोणाचे नाहीत. तुम्ही बरे झालात की घरच्यांनी आत बोलावण्याची वाट बघत बसू नका. मला कोणी घरात घेतलं नाही. मी गेले.