वारा पडला असता

"ह्यात पाणी शिरलंय," असे म्हणून मास्तर प्रुफाचा कागद खिडकीच्या उजेडात धरत. छापखान्यात पाणी शिरणे ही काही चेष्टा नव्हे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हातातले काम टाकून कागदाच्या गठ्ठ्यांकडे धावलो होतो. त्यांना एवढेच म्हणायचे होते की मजकुरात चूक आहे. एखादी वेलांटी पहिलीऐवजी दुसरी पडलेली असे, एखादा अनुस्वार गळालेला असे. त्या जागी ते पेन्सिलीने एक लहानशी लाट काढत. चूक मोठी असली तर लाटही मोठी.

सिंधीपुऱ्यातल्या त्या छापखान्यात मी जुळारी होतो, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. ते शाळेत ड्रॉइंग मास्तर. मूळचे कोकणातले, खाडीकाठचे. बुऱ्हाणपुरात बारा वर्षे काढली तरी रस्त्यावर पाऊल टाकताना बोट ओले करून हवेत धरायचे आणि वारा कुठला ते पाहायचे. चौकातले लोक हसत. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला हसल्याशिवाय दिवस जात नाही आणि जो गेल्यावर चौक ओळखू येत नाही.

आमच्याकडे कापडाच्या गाठींवर चिकटवायची लेबले छापली जात. त्यांवरचे मोर, हत्ती मास्तर काढून देत. त्यांच्या मोराचा पिसारा वाऱ्याने फुगलेला वाटे. त्या चित्रांच्या बदल्यात मालकांनी त्यांचे एक पुस्तक छापायचे कबूल केले. पुस्तक कसले, तर आरमारी लढाईच्या खेळाचे नियम. जमिनीवर खडूने चौकटी आखायच्या, लाकडाची जहाजे मांडायची, कवड्या टाकून वारा ठरवायचा, आणि मराठ्यांच्या आरमाराने टोपीकरांशी लढायचे.

मालक मास्तरांच्या वह्या चाळून म्हणाले, "मास्तर, इथं समुद्र पाह्यलेला एक माणूस दाखवा. तापी ओलांडायला नावेत बसायचं तर आमच्या घरच्या बायका नवस बोलून राहतात. हे खेळणार कोण?"

"एक जण खेळेल," मास्तर म्हणाले. "तेवढा पुरे."

मग सुरू झाला आमचा छळ. पहिल्या प्रुफात मी सगळीकडे 'जहाज' लावले होते. मला वाटले, गलबत काय आणि गुराब काय, पाण्यावर चालते ते जहाज. मास्तरांनी पानभर लाटा काढल्या. मग स्टुलावर बसून समजावले की गुराब ही मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत लहान, चपळ, वल्ह्यांवर चालणारे. एकाला दुसऱ्याचे नाव दिले तर लढाईच उलटी होईल. दुसऱ्या प्रुफात 'शिडे उतरवावी' याचे 'शिडी उतरवावी' झाले. मालकांनी ते वाचून फार गंभीरपणे विचारले की समुद्रात शिडी लावायची तरी कशाला टेकवून. मास्तर इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्यांना मनापासून हसताना मी फार कमी वेळा पाहिले.

मालकांची एक हौस होती. आपल्या बाजूला तीन मजली जहाज द्यावे, गोऱ्यांच्याहून मोठे. वाचणाऱ्याला बरे वाटेल. मास्तर ऐकेनात.

"नव्हतं आपल्याकडे, तर आणू कुठून?" ते म्हणाले. "हरलो तिथे हरलो असंच छापायचं, मालक. नाहीतर जिंकलो ते तरी कोण खरं मानील?"

मला त्यांचा राग येई. एका उकारासाठी चार ओळी उसकटायच्या म्हणजे बोटांची सालपटे निघत. हे सगळे कोणासाठी, असे एकदा मी तोंडावरच विचारले. त्या रविवारी सकाळी ते मला तापीच्या घाटावर घेऊन गेले आणि पायरीवर बसून पश्चिमेकडे वाहत जाणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिले. हे पाणी शेवटी समुद्रालाच मिळते, असे ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अशी काही ओढ होती की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

मग त्यांनी सांगितले. हा खेळ त्यांचा आणि त्यांच्या थोरल्या भावाचा. लहानपणी पुळणीवर रेघा मारून, करवंट्यांची जहाजे करून दोघे खेळत. दादा नेहमी गुराब, हे नेहमी गलबत. बाकीचे नियम भांडून ठरले, पण एक नियम एकट्या दादाचा होता. वारा पडला की गुराबीची शिडे नुसती लोंबतात आणि ती जागच्या जागी अडकते. अशा वेळी गलबताने पुढे यायचे, दोर टाकायचा आणि वल्ही मारत गुराबीला ओढून न्यायचे. खऱ्या लढाईतही असेच होत असे. दादाला हे वडिलांनी सांगितले होते, आणि वडील घरच्या मचव्यावरचे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, होते.

वडील गेले तेव्हा मचवा दोघांच्या गळ्यात पडला. दादा म्हणाला, दोघे मिळून चालवू. यांच्या डोक्यात चित्रकला. हे निघून आले. निघताना दादा दारात उभाही राहिला नाही. त्यानंतर दर दिवाळीला यांनी पत्र पाठवले आणि दर दिवाळीला पोस्टमन रिकाम्या हाताने समोरून गेला. पत्र दादा फाडत असेल, पण खेळाचे पुस्तक फाडणार नाही. चुका काढायला तरी उघडील. म्हणून चूक ठेवायची नाही.

त्या दिवसापासून मी उकारांवर चिडणे सोडले.

तिसरे प्रूफ त्यांनी सही करून परत दिले. पुस्तक छापून, शिवून तयार झाले. पहिली प्रत त्यांनी स्वतः कागदात बांधली, वर पत्ता घातला आणि गावाबाहेर स्टेशनाशी असलेल्या लालबागच्या पोस्टात जाऊन टाकली. येताना सर्वांसाठी जिलबी आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांनी छापखान्यातच खेळ मांडला. कवड्या पडल्या, वारा पडला. मालकांनी आपले गलबत उचलले आणि गुराबीला तिथेच ठेवून सरळ पुढे नेले.

"असं नाही, मालक. ओढून न्यायचं," मास्तर म्हणाले.

"तुमच्याच पुस्तकात लिहून राहिलं आहे," म्हणून मालकांनी पान पुढे केले आणि मोठ्याने वाचले, "वारा पडला असता गलबताने गुराब सोडून पुढे जावे."

मास्तरांनी पुस्तक हातात घेतले. ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग माझ्याकडे पाहिले. "काय केलंत तुम्ही हे? दादा काय वाचील? हा मला सोडून गेला तर गेला, आता सोडून जाण्याचाच नियम करून पाठवतोय, असंच ना?"

खिळे माझ्या हातचे. खिळ्यांच्या पेटीत ड आणि ढ शेजारच्या घरांत असतात, हात चुकला असेल, असे काहीतरी पुटपुटलो. ते पुस्तक तिथेच ठेवून निघून गेले. त्या दिवशी त्यांनी वारा पाहिला नाही.

महिनाभर ते छापखान्यात फिरकले नाहीत. रस्त्यात दिसले तर मान फिरवत. एका माणसाचे आयुष्यभराचे मागणे माझ्या दोन बोटांनी बुडवले, हे मनातून जाईना. जेवण गोड लागेना. मालक म्हणत की एवढ्याशा शब्दाचे काय घेऊन बसलास. पण तो शब्द एवढासा नव्हता, हे फक्त मला ठाऊक होते.

आणि एक दिवस मास्तर छत्री विसरून भर पावसात धावत आले. हातात तेच पुस्तक होते, कोकणातून परत आलेले. त्यांनी ते पान माझ्यापुढे उघडले. 'सोडून'वर पेन्सिलीची जाड रेघ मारलेली होती. वर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते, 'ओढून'. आणि समासात, "हा नियम माझा. तू बदलायचा नाहीस. घरी ये."

"आणखी पाच चुका काढल्यात त्यानं," मास्तर म्हणाले, आणि रडता रडता पाचही दाखवू लागले.

आठवड्याभरात त्यांनी नोकरी सोडली. लालबागच्या स्टेशनवर त्यांना पोचवायला मी एकटाच गेलो होतो. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून बोट बाहेर काढून वारा पाहत होते. माझा निरोप घ्यायचे विसरलेच. मला वाईट वाटले आणि वाटलेही नाही.

दसऱ्याला आम्ही यंत्रे पुसून पूजा करतो. त्या वर्षी साफसफाईत तारेला टोचून ठेवलेले जुने मूळ कागद मी उतरवले. मास्तरांच्या वहीची पाने त्यात होती. एक गोष्ट मला इतके दिवस टोचत होती. घाईत एक खिळा चुकतो, पण एकाच शब्दात दोन चुकून दुसरा चांगला शब्द कसा तयार होईल? मी ते पान काढले. त्यांच्या त्या गोल, कोरीव अक्षरात, स्वच्छ शाईने लिहिले होते, 'गुराब सोडून पुढे जावे.' उकारासाठी चार ओळी उसकटायला लावणाऱ्या माणसाने हे स्वतः लिहिले होते, आणि तिन्ही प्रुफांत ती ओळ डोळ्यांखालून घालून वर सही केली होती. बारा वर्षे मनात तोच एक शब्द असेल, तर हाताने दुसरा काय लिहावा?

मी ते पान घडी करून खिशात घातले. मास्तर समोर हवे होते असे फार वाटले, आणि समोर नाहीत हेच बरे असेही वाटले.

थोड्याच दिवसांत त्यांचे पोस्टकार्ड आले. मचव्याला नवे शीड केले आहे, दादा आता फार बोलतो, असे काही होते. शेवटी लिहिले होते, "त्या दिवशी तुम्हांला टाकून बोललो, ते मनात ठेवू नका. जुळाऱ्याचा हात चुकायचाच. पण तुमच्या त्या चुकीनेच दादा बोलला, हे मी जन्मात विसरणार नाही."

वहीतले ते पान मी चुलीत घातले. मग एक कार्ड घेतले आणि लिहिले, "मास्तर, हात माझाच चुकला होता." टाकण्याआधी 'चुकला'चा उकार ऱ्हस्व आहे ना, ते दोनदा पाहून घेतले.