चौदावं कलम

निबंधक कार्यालयाच्या जिन्याखाली लाकडी टेबलावर टाईपरायटर मांडून ती एकतीस वर्षं बसली. सगळे तिला टायपिस्टबाई म्हणत. कुणाला संस्था काढायची असली की तो वर साहेबांकडे जाण्याआधी तिच्यापुढे बसायचा. मुक्या जनावरांची संस्था, बुद्धिबळाची संस्था, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन भावांनी एकाच दिवशी काढलेली दोन वाचनालयं, सगळं तिच्या बोटांखालून गेलं होतं. नाव आधी कुणी घेतलेलं नाही ना बघा, सात सभासद गोळा करा, पहिली सभा घेऊन ठराव लिहा, जागामालकाचं ना-हरकत पत्र आणा, उद्देश आणि नियमावली दोन प्रतींत द्या, हे सगळं ती पाढे म्हणावेत तसं म्हणायची. नियमावलीतलं शेवटचं, चौदावं कलम तर ती डोळे मिटून टाईप करायची. संस्था बंद पडली तर तिच्या वस्तू सभासदांनी वाटून न घेता तशाच दुसऱ्या संस्थेला द्याव्यात, एवढंच ते कलम. तिथवर आलं की तिला चहा आठवायचा.

स्वतःची संस्था काढायची वेळ आली आणि बाईंची बोटं नेमकी तिथेच अडली.

या संस्थेची सुरुवात दोन कुबड्यांपासून झाली. तिचा नवरा भूगोलाचा मास्तर. शेवटची दोन वर्षं तो आधी कुबड्यांवर आणि मग चाकांच्या खुर्चीत होता. तो गेल्यावर शेजारणीचा पाय मोडला, तेव्हा बाईंनी त्याच्या कुबड्या तिला दिल्या. शेजारीण पाय बरा झाल्यावर त्या परत घेऊन आली ती सासऱ्यांचा जुना वॉकरही घेऊन. मग लोक नेत राहिले, आणत राहिले. चार वर्षांत गॅलरीत अकरा कुबड्या आणि सहा वॉकर जमले, आणि कपडे वाळत घालायचे म्हणजे घरातल्या घरात अडथळ्यांची शर्यत होऊन बसली. बाईंबरोबर राहणारी धाकटी नणंद कपाळाला हात लावून म्हणायची, "वहिनी, या घरात धडधाकट माणसानं राहायचं तरी कुठे?"

एवढ्यात दवाखान्याच्या अधीक्षकांनी तळमजल्यावरची एक खोली देऊ केली. अट एकच, महिनाअखेरीच्या आत संस्थेची नोंदणी हवी, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार. बाईंनी सात सभासद दोन दिवसांत उभे केले, नाव निवडलं, 'चार पावलं'. सभा झाली, ठराव झाला, आणि फाईल निबंधक कार्यालयाच्या खिडकीतून आत गेली. दुसऱ्या दिवशी ती तशीच बाहेर आली.

"बाई, तुम्ही?" कारकुनाचा विश्वासच बसेना. "पंधरा वर्षं तुमच्या हातचे कागद बघतोय. चौदावं कलम कोरं?"

"सुरू व्हायच्या आधीच बंद पडण्याचं काय लिहायचं हो? अभद्र वाटतं."

"तुम्हीच तर लोकांना सांगायचात, लिहिलं म्हणून कुणी मरत नाही." मग त्यानं आवाज खाली आणला. "महिना संपायला चार दिवस आहेत. आणि वस्तूंची यादीसुद्धा पुन्हा बघा. चाकांची खुर्ची द्यायची असं उद्देशात लिहिलंय, यादीत एकही नाही."

बाई फाईल छातीशी धरून घरी आल्या.

दुपारी त्यांचा डोळा लागला. स्वप्नात रस्ता ओळखीचाच होता, पण माणसं नव्हती. रिकाम्या खुर्च्या आवाज न करता आपल्या आपण चालल्या होत्या, प्रत्येक दाराशी थोडं थांबत होत्या, आणि दारं उघडत होती. सगळ्यांत मागच्या खुर्चीत मास्तर पाठमोरा बसला होता. तो म्हणाला, "माझ्यानंतर ही..." आणि बाईंनी घाईघाईनं टाईपरायटर बडवायला सुरुवात केली. त्या आवाजानंच त्यांना जाग आली.

तो जिवंत असतानाही असंच व्हायचं. तो "माझ्यानंतर" म्हणायचा आणि ही म्हणायची, "काहीतरीच काय बोलता! सूप निवतंय." तीनदा तसं झालं, मग त्यानं नाद सोडला. ती खुर्ची अजून खिडकीपाशी तिरकी उभी होती. तिच्यावर कुणी बसायचं नाही, वाळलेले कपडेसुद्धा ठेवायचे नाहीत.

"अगं," बाईंनी नणंदेला विचारलं, "हे तुला काही सांगून गेले होते का? खुर्चीचं?"

नणंद धुतलेली कुबडी पुसता पुसता थांबली. "दादा म्हणाला होता, तुझी वहिनी खुर्ची खिडकीपासून हलवणार नाही. वर्षभर राहू दे. मग सांग तिला, चाकं गंजतात, फिरू दे कुणाकडे तरी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी? वर्षाची चार झाली. मी वाट बघत होते."

बाईंना रडू आलं ते त्यांनी आवरलं नाही. मग चेहरा धुऊन त्या टेबलाशी बसल्या. चौदावं कलम त्यांनी पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी टाईप केलं. यादीत सर्वांत वर लिहिलं: चाकांची खुर्ची, एक. पुढे रकाना होता, वस्तूची स्थिती. बाई थबकल्या. चार वर्षांत कुणी बसलंच नव्हतं तर काय लिहिणार? खोटं टाईप करायची त्यांना सवय नव्हती.

त्या उठल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या. ब्रेक लागत होता, चाकं कुरकुरत का होईना, फिरत होती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. रस्ता दिसेना. खिडकीचा कठडा नाकाच्या वर येत होता. दोन वर्षं मास्तर रस्त्यावरची गंमत बघतोय, अशा समजुतीत त्या याच खोलीत घरी आणलेली कामं टाईप करत बसायच्या. खुर्चीतून सरळ समोर दिसत होतं ते त्यांचं टेबल, टाईपरायटर आणि त्यांची बसायची रिकामी जागा.

बाई खुर्चीतून उठल्या. मग टेबलाशी गेल्या आणि त्या रकान्यात त्यांनी टाईप केलं, चालू.