माझ्या मशीनवर चालतं

शुक्रवारी सकाळी मी लॅपटॉपची साफसफाई केली आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं करून घेतलं. निमित्त झालं भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओंचं. डिस्क भरली होती, सोमवारी मुलाखत होती, म्हटलं जरा जागा करावी. तात्पुरत्या फायलींचा एक भलामोठा जुना फोल्डर दिसला, तो उडवला. वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मला अर्धवट काम आवडतच नाही ना!

मुलाखत साधीसुधी नव्हती. आठ महिन्यांपूर्वी कंपनीने आमच्या अख्ख्या टीमला घरी बसवलं, तेव्हापासून चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पनवेलजवळ करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये बाबांसमोर बसून अर्ज पाठवत होते. उत्तरसुद्धा यायचं नाही. बोलावणं आलं ते एकाच ठिकाणाहून, आणि तेही मी बनवून सगळ्यांसाठी फुकट, खुलं ठेवलेल्या एका सॉफ्टवेअरमुळे. अट एकच होती. सोमवारी त्यांच्या कोऱ्या मशीनवर, त्यांच्यासमोर, ते पहिल्यापासून बांधून, म्हणजे सगळे सुटे भाग जुळवून, चालवून दाखवायचं. मी म्हटलं, हात्तिच्या! पाच मिनिटांचं काम.

हे सॉफ्टवेअर काय करतं ते माझ्या मैत्रिणींना कधीच कळलं नाही, बाबांना मात्र लगेच कळलं. बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत बारनिशीला गेली. आलेल्या प्रत्येक अर्जावर आवक नंबर टाकायचा आणि तो कुठल्या टेबलावर गेला ते रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. मी सांगितलं, "बाबा, तुम्ही मोबाइलवर तिकीट काढलंत की आत दहा-बारा मशीनं एकमेकांना विचारत बसतात. मध्येच अडलं तर कुठे अडलं ते कुणालाच कळत नाही. माझं सॉफ्टवेअर प्रत्येक मागणीला नंबर देतं आणि ती कुणाकडे अडली ते दाखवतं."

"म्हणजे बारनिशीच की," बाबा म्हणाले. "त्यात नवं काय?"

मला राग आला होता, पण खरंच नवं काही नव्हतं.

गोची वेगळीच होती. माझं काम दुसऱ्या मंडळींच्या सॉफ्टवेअरच्या पायावर उभं होतं, आणि मला हवी ती त्याची आवृत्ती अजून बाहेरच आली नव्हती. लवकरच येतेय, लवकरच येतेय, असं ते वर्षभर सांगत होते. मला कुठला धीर! मी त्यांचं कच्चं काम उतरवून घेतलं, त्यात पदरच्या दोन ओळी घातल्या, माझ्याच मशीनवर ते बांधलं आणि त्यावर माझा इमला चढवला. बाबांनी तेव्हाच विचारलं होतं, "ज्या कागदावर अजून सही झालेली नाही, त्याच्या भरवशावर पुढचा हुकूम काढलास?"

"आमच्यात चालतं हो बाबा," मी म्हटलं होतं.

आणि चालत होतंच. माझ्या मशीनवर. कारण ती कच्ची बांधणी तिथे एका फोल्डरात पडून होती आणि मी ते साफ विसरले होते. शुक्रवारी उडवला तो हाच फोल्डर.

दुपारी रंगीत तालीम म्हणून बांधायला घेतलं, तर पडद्यावर लाल अक्षरं. पाया सापडत नाही म्हणे. कच्चं काम पुन्हा उतरवायला गेले, तर त्या मंडळींनी ते पुसून टाकून सगळं नव्याने मांडलेलं. बरं, माझ्या दोन ओळी कोणत्या होत्या? डोंबल आठवतंय! शनिवार संपेपर्यंत मी त्या नव्या मांडणीशी झटले. एक चूक निस्तरली की तीन नव्या उभ्या राहायच्या. शेवटी स्वयंपाकघरात गेले आणि बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडले. आठ महिन्यांत एक बोलावणं आलं होतं, ते मी कचऱ्यात टाकलं होतं.

बाबांना कळायचं ते कळलंच. दारात येऊन म्हणाले, "एखादी नक्कल असेल की कुणाकडे. आठवून बघ."

आठवलं, आणि आठवल्यावर आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या वर्षी पनवेलमध्येच एका हॉलमध्ये मी या सॉफ्टवेअरवर बोलले होते. नंतर एक गृहस्थ भेटायला आले. तिशीचे, चिरनेरचे, उरणकडच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटर सांभाळणारे. "ताई, आमच्याकडं गेटवरची नोंद मधीच कुठंतरी हरवते, कळतच नाय. तुमचं लावून बघतो," म्हणाले आणि चिठ्ठीवर फोन नंबर देऊन गेले. त्याच आठवड्यात त्यांची तक्रार आली, की बांधलं जात नाही. मी लिहिलं, "माझ्या मशीनवर चालतं," आणि तक्रार बंद केली. दुसरी आली, तीही बंद. तिसरीला चिडून त्या पायाची माझी तयार बांधलेली फाइल आठवड्यात आपोआप बंद होणाऱ्या लिंकने पाठवली, की घ्या आणि आता पुरे. वर मेलमध्ये असा नियम लावून ठेवला, की यांचं पुन्हा काही आलं तर मला दिसूच नये. नाकाने कांदे सोलत होते मी, दुसरं काय!

म्हणजे ती फाइल जगात कुठे असलीच, तर याच माणसाकडे.

रविवारी सकाळी फोन केला. मला वाटलं, आता चार शब्द ऐकायला मिळणार. "या की ताई घरी," ते म्हणाले. "सुट्टी हाय आज." पनवेलच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना मी माफीची वाक्यं घोटत होते. चिरनेरला उतरले तेव्हा त्यातलं एक आठवेल तर शपथ.

त्यांच्या बायकोने पाणी दिलं. मी बसायच्या आधीच विचारलं, "मी पाठवलेली ती फाइल आहे ना तुमच्याकडे?"

"ती? ती नाय ठेवली."

"का हो?"

"कशी बांधली, आत काय घातलंय, काय ठाऊक नाय. अशी फाइल यार्डात कशी लावू ताई? काय झालं तर जबाबदारी माझी."

बरोबरच होतं त्यांचं. परक्याच्या घरात, हातात पाण्याचा तांब्या धरून मी रडायला लागले. सगळं सांगून टाकलं. नोकरी, सोमवार, फोल्डर.

"पण ताई," ते म्हणाले, "ते कच्चं काम मी तवाच उतरवून ठेवलेलं. तुमच्या दोन ओळी काय असतील ते शोधायला महिना गेला. मग सगळं नीट लावलं. आता कुठल्याबी कोऱ्या मशीनवर एका दमात बांधलं जातंय. तुमालाच पाठवलंय की."

"कधी?"

"झाले पाच महिने. वाटलं, कामात असाल."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझ्याच सॉफ्टवेअरचं पान, आणि त्यावर माझ्या होकाराची वाट बघत त्यांचं काम. खाली तीनदा लिहिलेलं, 'ताई, बघितलं का?' मेलमधल्या माझ्याच नियमाने ते मला दिसू दिलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. लोकांच्या मागण्या कुठे अडतात ते दाखवत फिरणारी मी, आणि ही माझ्याच टेबलावर पाच महिने अडून होती. लाजेने मान वर होईना. मी तिथेच होकार दिला. त्यांची बायको म्हणाली, "रडून भूक लागली असंल, जेवून जा." तांदळाची भाकरी आणि सुकटाचं कालवण मी लहान मुलासारखं पोटभर खाल्लं.

सोमवारी त्या कोऱ्या मशीनवर ते एका दमात बांधलं गेलं. समोर तिघं होते. त्यातल्या एकाने मान डोलावून विचारलं, "हा कोऱ्या मशीनवर बांधण्याचा भाग फार नेटका आहे. तुम्हीच लिहिलात ना?"

देवाशपथ, 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. सॉफ्टवेअर माझं, नाव माझं, विचारायला कोण जातंय? पण चिरनेरची ती भाकरी आठवली. "नाही," मी म्हटलं, आणि कोणी लिहिलं, का लिहावं लागलं, तो फोल्डर, बंद केलेल्या तक्रारी, सगळं सांगितलं. त्यांनी ते टिपून घेतलं.

दहा दिवसांनी मला नकाराचा मेल आला. त्याच संध्याकाळी चिरनेरहून फोन.

"ताई, त्या तुमच्या कंपनीतून फोन आला. मला बोलावलंय मुलाखतीला. तुमची जागा घेत नाय ना मी? तुमी नको म्हणालात तर नाय जात."

आणि ते खरंच गेले नसते, हे मला त्या आवाजातच कळलं. खोटं कशाला सांगू, हेवा वाटला. फार वाटला. फोन मी क्षणभर तोंडापासून दूर धरला. आठ महिने मी ज्याची वाट बघितली ते दुसऱ्याच्या हातात जाताना दिसत होतं, आणि अडवायला माझा एक शब्द पुरेसा होता.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "विचारताय काय!"

"पण ताई, तिथं विचारतात काय काय? मला तर कायच ठाऊक नाय."

मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या प्रश्नापासून सांगायला लागले.