मेरू पर्वताचा चौथा संदर्भ

सांगलीहून निघताना पिशवीत कपड्यांशिवाय एकच कागद होता: ऑनलाइन ज्ञानकोशातल्या ‘मेरू पर्वत’ या लेखाखालचे संदर्भ. लेखाचा बराचसा भाग माझ्या पत्नीने, सुनीतीने, आजारपणात लिहिला. पहिले तीन संदर्भ मी ग्रंथालयात पडताळले होते. चौथा होता देवासला छापलेल्या पूजाविधीच्या पुस्तिकेचा, पान बारा. सुनीती गेल्यानंतर लेखाच्या चर्चापानावर कुणीतरी सभ्यपणे विचारले होते, ही पुस्तिका कुणी पाहिली आहे का? नसल्यास त्यावरचा परिच्छेद काढावा लागेल.

परिच्छेद लहानसा आहे. पूजेच्या संकल्पात माणूस आपले ठिकाण सांगतो: मेरूच्या दक्षिणेला, अमक्या नदीच्या अमक्या तीरावर. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आजही गोदावरीचा दक्षिण तीरच सांगतात, असे तिने लिहिले होते. तिचे ते शेवटचे लिखाण. ते पुसले जाऊ नये म्हणून मी निघालो.

देवास हे तिचे माहेर. बसमधून आधी देवीची टेकडी दिसली, मग गाव. तिचे चुलतभाऊ बाळदादा स्टँडवर आले होते. घरी वहिनींनी पोह्यांवर शेव आणि जीरावन (इकडचा आंबटतिखट मसाला) घालून बशी पुढे केली.

“जिजाजी, पुस्तक शोधून राहिलात?” बाळदादा म्हणाले. “इथे पोरांना मराठी वाचता येत नाही. सगळं कबाडवाल्याला गेलं.”

“संकल्पात नदी कोणती म्हणता?”

“गोदावरी. दक्षिण तीर.”

“काहीतरीच,” वहिनी आतून म्हणाल्या. “नर्मदा. उत्तर तीर.”

“ते तुझ्या माहेरी.”

“इथेच. तुम्ही पाटावर बसल्या बसल्या झोपता, तुम्हाला काय ऐकू येणार?”

मी कागदावर दोन्ही नद्या लिहिल्या आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह टाकले. शेवटी बाळदादांनी सांगितले की घरची सगळी कार्ये धारचे गुरुजी करत. असलीच तर पुस्तिका त्यांच्याकडे असेल.

सकाळी मी चुकीच्या बसमध्ये बसलो. तिकीट मागितले तेव्हा कंडक्टर म्हणाला, “अंकल, ये तो सोनकच्छ जा री है. धार तो उल्टी तरफ.” भर शेतात उतरलो. दोन्ही बाजूंना सारखाच गहू होता. आलो कुठून, हेही क्षणभर कळेना.

धारला पोचायला दुपार झाली. किल्ल्याच्या अलीकडे गुरुजींचे घर. खूप थकले आहेत, पण आवाज खणखणीत आहे. पुस्तिका त्यांच्याकडे होती. पुस्तिकेचे नाव सुनीतीने कल्पनेतून लिहिले नव्हते, या आनंदात मी बारावे पान उघडले. संकल्प होता, मेरूही होता. नदीच्या जागी मात्र छापले होते: अमुक नदी, अमुक तीर.

“घरोघरची नदी छापणारा कशी छापेल?” गुरुजी म्हणाले. “तुम्ही कुठले?”

“सांगलीचा.”

“कृष्णा. तुमचं सोपं आहे.”

“देवासला सुनीतीच्या घरी काय म्हणायचात?”

ते हसले. “तिचे आजोबा समोर असले की गोदावरी. ते उठून गेले की नर्मदा.”

म्हणजे बाळदादाही खरे, वहिनीही खऱ्या.

“लिहा ना, गुरुजींनी सांगितलं म्हणून.”

“तसं चालत नाही.”

“का? मी काय खोटं बोलून राहिलो?”

“नाही. तुम्ही छापलेले नाही.”

यावर त्यांच्या सूनबाई इतक्या हसल्या की हातातला चहा बशीत सांडला. मलाही हसू आले, खूप दिवसांनी.

परतीच्या गाडीत काही उलगडले नाही. सुनीती काटेकोर होती. पानावर नसलेले ती पानाच्या नावावर खपवणार नाही. पडल्या पडल्या आठवणीतून लिहिले असेल का? की त्या रिकाम्या जागी तिला आजोबांचा आवाज ऐकू आला? विचारायला आता कोण आहे?

घरी आल्यावर तो परिच्छेद मीच काढला. अनोळखी हाताने तो काढू नये, एवढेच मनात होते. मग लेखाचा इतिहास उघडला. तिथे प्रत्येक बदलापुढे तो करणाऱ्याचे नाव असते, नवा बदल आधी. सगळ्यात वर माझे नाव आले होते आणि त्याला लागून खाली सुनीतीचे. मधे कुणीच नव्हते.