गुड्यात जागा नाय

आई गेली त्याच पावसाळ्यात तिच्या कोंबड्यांना मानमोडी आली. माना वाकड्या करून त्या परसात जागच्या जागी गोल फिरायच्या आणि दुसऱ्या दिवशी पडलेल्या दिसायच्या. आठवडाभरात एकही उरली नाही. बाबा रोज सकाळी खोरं घेऊन जायचे, माडांच्या पलीकडे खड्डा खणायचे आणि एकेकीला पुरून यायचे. शेवटची पुरून आल्यावर त्यांनी गुड्याचं दार ओढून घेतलं आणि सुंभाने घट्ट बांधलं. गुडो म्हणजे आमचं कोंबड्यांचं खुराडं. चिऱ्यांचं, बुटकं, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकून बांधलेलं.

मी तेव्हा कोल्हापूरची शाळेतली नोकरी सोडून कायमची घरी आले होते. बाबांना एकटं ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. तसे ते हिंडते-फिरते होते, पण चहा तिघांचा ठेवायचे आणि तिसरा कप कुणाचा ते त्यांना सांगता यायचं नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा एकदा तिन्हीसांजेला मी तुळशीपुढे दिवा लावून आले, तर ते स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावून उभे होते.

"आयकतंस?" ते म्हणाले. "भितर कोंबयो आसत."

"बाबा, गुड्यात कोण नाय. तुमीच दार बांधलास."

"बांधलंय म्हणान तर बाहेर येणत नाय."

मग ते रोजचंच झालं. काळोख पडायच्या सुमाराला ते भिंतीशी जायचे, ऐकायचे आणि समाधानाने परत येऊन पडवीत बसायचे. कुडाळच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या वयात असं होतं. त्यांनी कानाचं यंत्र लावून दिलं. ते लावल्यावर बाबा म्हणाले की आता अगदी स्वच्छ ऐकू येतं, कोणती कोंबडी कोणाला टोचते तेही कळतं.

मला त्या आवाजाला काहीतरी कारण हवं होतं. आवाज यायचाच असेल तर तो खऱ्या कोंबड्यांचा येऊ दे, असं मनात धरून मी तळेऱ्याच्या तिठ्यावर पिल्लं विकणाऱ्या टेम्पोवाल्याकडून खोकंभर पिल्लं आणली. पडवीच्या कोपऱ्यात बल्ब लावून ती वाढवली. बाबा तासन् तास त्यांच्याजवळ बसायचे. पिल्लांच्या तलंगा झाल्या, म्हणजे अंडी घालण्याआधीच्या लांब पायांच्या कोवळ्या कोंबड्या. मग मी गुडो उघडला, आतून चुना मारला, नवी दांडी बसवली, खाली भाताचं तूस पसरलं.

दिवसा त्या खुशाल आत-बाहेर करायच्या. ऊन उतरलं की मात्र आत जायचं नाव नाही. सगळ्या मागील दारच्या पायरीवर येऊन एकमेकींना चिकटून बसायच्या, तोंडं गुड्याकडे करून. करवंटीत कण्या घेऊन मी त्यांना आतपर्यंत नेलं. त्यांनी दारातून माना लांब करून पोचतील तेवढ्या कण्या टिपल्या आणि उलट्या पावली पायरीवर आल्या. हाकलायला गेले तर अबोलीच्या वाफ्यातून, धुण्याच्या दगडावरून, लाकडांच्या ढिगामागे अशा पांगायच्या की माझा दम निघायचा. एकीला पकडून आत ढकलावं, तर दुसरीला धरेपर्यंत पहिली बाहेर.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. ते म्हणाले, "त्यांका आवस नाय. त्यांका घर कोणी दाखवचा?"

ते खरंच होतं. कोंबडीखालची पिल्लं आईमागून आत जातात. ही मशीनवरची, खोक्यात वाढलेली. पण बाबांचं बोलणं तेवढ्यावर थांबलं नाही.

"आणि भितर जागा खंय आसा? आदल्यो सगळ्यो आसत ना."

शेजारच्या काकीला मी हे सांगितलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या नाहीत की हसली नाही. "राखणदाराक नारळ ठेव," एवढंच म्हणाली. राखणदार म्हणजे आमच्या जागेची राखण करणारा देव. बांधावरच्या त्याच्या दगडापुढे मी नारळ ठेवला. शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलेली मी, हात जोडताना मला काही वेगळं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तूस सारखं करायला गुड्यात वाकले. तलंगा सगळ्या माझ्या मागे, पायरीवर होत्या. त्यांची चिवचिव मला मागून ऐकू येत होती. आणि आत, माझ्या चेहऱ्यासमोरच्या काळोखात, खुडूक कोंबडी पिल्लांवर बसल्यावर करते तसा जाड, घशातला आवाज आला. एकदाच. मोबाइलचा उजेड आत फिरवला. पांढरी भिंत, रिकामी दांडी. मी बाहेर आले, हात धुतले. बाबांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

मला त्या रात्री तलंगांना पुन्हा आत ढकलण्याचं धाडस झालं नाही. पायरीवरच टोपली पालथी घालून मावतील तेवढ्या झाकल्या, वर दगड ठेवला, बाकीच्यांना पडवीत घेतलं. सकाळी टोपली कलंडलेली होती. रानमांजराने एक नेली होती आणि पिसं धुण्याच्या दगडापर्यंत पसरली होती. बाबा ती पिसं गोळा करत राहिले. "आता तिका काय सांगू?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. तिका म्हणजे आईला.

दिवस कलल्यावर ते उठले, अंघोळ केली, टोपी घातली. सणासुदीला घरचं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे घरादाराच्या वतीने करायचं मागणं, तेच घालायचे, तेव्हा घालायचे ती टोपी. पानाचा विडा घेऊन ते गुड्यासमोर उकिडवे बसले. मी मागे उभी राहिले. मला वाटलं ते देवाला काही सांगतील. त्यांनी दारातून आत बघत, ओळखीच्या माणसांशी बोलावं तसं सुरू केलं.

"वायच सरा गो. ही पोरां ल्हान आसत, तुमच्यासारखी जाणती नाय. बाहेर तेंका कायतरी खाता. तुमचा घर तुमचाच आसा, कोण काढून घेणा नाय. पण भितर घेवा तेंका. आणि तिका सांगा, माझी चुकी झाली म्हणान."

विडा आत ठेवला. मग मला म्हणाले, "हाड एकेक."

मी एकेक तलंग उचलून त्यांच्या हातात देत गेले. ते तिला छातीशी धरून थोडं थांबायचे, मग आत दांडीवर ठेवायचे. एकही बाहेर आली नाही. शेवटची ठेवून त्यांनी दार लावलं आणि आम्ही दोघं तिथेच बसलो. आतून अंग चोरून सरकल्याचे, पिसं घासल्याचे आवाज आले. कोंबड्या दाटीवाटीने बसतात तेव्हा येतात तसे. त्या गुड्यात याच्या दुप्पट कोंबड्या मावायच्या. दाटी व्हायचं काही कारण नव्हतं.

पुढे काही दिवस आम्ही त्यांना असंच हाताने ठेवलं. शिमग्याच्या आधी त्या आपल्या आपण जायला लागल्या, एकीमागून एक, कोणी बोलावल्यासारख्या. मी काकीला म्हटलं, सवय झाली. ती हो म्हणाली.

बाबांनी भिंतीला कान लावणं हळूहळू सोडलं. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "आता आदल्यांचो आवाज येणा नाय. हेंचोच येता." मला बरं वाटायला हवं होतं. पण ते पडवीतून परसाकडे बघत होते, आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "खंय गेल्यो त्यो?"

"माका ठावक नाय, बाबा."

त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून दिवेलागणीला ते स्वयंपाकघराचं मागचं दार स्वतः जाऊन उघडतात, आणि जेवणं होईपर्यंत मी ते लावलेलं त्यांना चालत नाही. मच्छर येतात, वाऱ्याने गॅस विझतो. मी दार लावत नाही. आम्ही दोघं जेवायला बसतो ते त्या दाराकडे तोंड करून.