रांजण आला त्या दिवशी

तंबाखूच्या वखारीत जन्म घालवलेल्या बाईला "गोष्टी सांग" म्हणू नये. लुगडं कितीबी झाडा, धूळ निघतच ऱ्हाती, तसं हाय ते!

निपाणीच्या वखारीत मी तीस वर्सं तंबाखू चाळला. मी मराठ्याची हौसा. शेजारच्या चाळणीवर शेवंता, बौद्ध वस्तीतली. धुळीनं घसा जळायचा अन् वखारीत प्यायला थेंब न्हाई! शेवंताची आई ह्याच धुळीत खोकून खोकून गेलती. "हितं पाणी आणीनच," एवढाच ध्यास तिचा.

*

एकदा दोघी संकेश्वरला निघालो. बसमधी एका बाईनं नाकाला रुमाल लावला. "कंडक्टर, ह्यांना मागं बसवा हो, तंबाखूचा वास येतोय!"

गेलो मागं. शेवंता कानात म्हणाली, "आक्का, आज तूबी आमच्यात आलीस बघ!"

मला लई राग आला. कुणाचा, ते इचारू नका.

*

मुकादमाची तर तऱ्हाच न्यारी. एक दिस मला उशीर झाला, तर "काय हौसाक्का, पोरगं आजारी काय?"

त्याच दिवशी शेवंताला तेवढाच उशीर. "ए, झोप झाली काय गं?"

तिचं पोरगं खरंच तापानं फणफणलं हुतं. मी बाजार करून आलते! तरी तोंड उघडलं न्हाई मी.

*

सीमेचा मोर्चा निघाला. "मराठी तेवढी एक!" बायका पुढं, म्हंजे पोलीस मारणार न्हाईत म्हणं! मारलं की. शेवंताचं कपाळ फुटलं.

मग सत्कार झाला. हार सगळे पुढाऱ्यांच्या गळ्यात. शेवंता पट्टी बांधून मागं उभी. म्हणाली, "आक्का, पुढच्या मोर्चाला मला हितंच मागं उभी कर!"

*

एकदा तपासणीला कानडी साहेब आला. मुकादम म्हणाला, "सगळं झकास हाय, साहेब." शेवंताचं आजोळ चिकोडीकडलं, कानडी फर्डं. तिनं साहेबाला कानडीतनं सांगितलं, "जरा आमच्याजवळ बसा की."

साहेब खूश! खुर्ची टाकून बसला. अन् आमी चाळण्या अशा हलवल्या, अशा हलवल्या! साहेबाचे डोळे लालभडक. खोकत वरडला, "नीरू! नीरू!" पाणी मागत हुता बिचारा.

शेवंता म्हणाली, "मुकादम, द्या की साहेबांस्नी पाणी!"

आठ दिवसांत वखारीत रांजण आला.

*

रांजणाला हळद-कुंकू लावलं. एक म्हातारी म्हणाली, "पयलं पाणी शेवंताला!"

शेवंता उठली. पदराला हात पुसले. तिनं तांब्याला हात घालायच्या आधीच मागनं कुणीतरी म्हणालं, "हौसाक्का, तू वत की तिला."

कुणी एक म्हणाली असती, "घेऊ दे की तिच्या हातानं," तर झालं असतं. ती एक मी व्हायला पायजे हुतं. आजबी माझी मलाच लाज वाटती.

मी उठले. तांब्या भरला.

शेवंतानं माझ्याकडं बघितलं. मग खाली बसली अन् ओंजळ धरली. मी वरनं पाणी वतलं. निम्मं तिच्या लुगड्यावर सांडलं.

ती म्हणाली, "जरा खाली धर की, आक्का."