विम्याच्या दवाखान्यात आई पहिल्यांदा गेली तेव्हा

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी वाडीच्या दवाखान्यात आरोग्य विम्याचं कार्ड घेऊन गेले होते. कोणती तपासणी विम्यात बसते आणि कोणती नाही, हे काउंटरवरच्या मुलीनं मला न कंटाळता दोनदा समजावलं. तिचं ऐकता ऐकता आई आठवली.

सत्तरच्या दशकात बाबा कापडाच्या गिरणीत होते. पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे आणि घरच्यांना विम्याच्या दवाखान्यात औषध मिळायचं. पण आई तिथं जायचीच नाही. फुकटचं औषध म्हणजे भीक, असं तिला वाटे. महिनाभर खोकत राहिली.

एक दिवस थुंकीत रक्त दिसलं. बाबांनी तिला सायकलच्या कॅरियरवर बसवलं, मला पुढच्या दांडीवर, आणि थेट दवाखाना गाठला. खिडकीशी आईनं पदराच्या गाठीतले पैसे काढून पुढे केले.

नर्सबाई म्हणाल्या, "पैसे काहून देऊन राहिली वं?"

"फुकटचं नको मले."

"फुकट कोण देते? तुह्या मालकाच्या पगारातून कापतेत ना. तुहंच औषध हाय हे."

आई बाबांकडे वळली. "तुम्ही असं काहून नाही सांगितलं मले?"

बाबा ओशाळले. "मलेच कुठं समजलं होतं!"

वर्षभर क्षयाचं औषध चाललं आणि आई बरी झाली. पुढं वस्तीतल्या कितीतरी बायकांना तिनं स्वतः सोबत जाऊन त्या खिडकीपाशी उभं केलं.

विम्याचं औषध आपल्याच पैशाचं असतं, हे तुमच्या घरात पहिल्यांदा कोणाला उमगलं होतं?